मदिनामावशीचं पथ्य

बद्रुद्दीन बांगडीवाला मानमोडीच्या साथीत तीन दिवसांत आटोपला. मागे राहिली त्याची बायको मदिना, नऊ वर्षांचा पोरगा इनायत आणि काचेच्या बांगड्यांनी काठोकाठ भरलेली वेताची टोपली. इद्दतीचे, म्हणजे विधवेनं घरात बसून काढायचे दिवस सरले तसं मदिनानं मळवली स्टेशनाजवळच्या आपल्या घराला कडी घातली, टोपली डोक्यावर घेतली, पोराचं बोट धरलं आणि भाजे गावाची वाट धरली. तिची स्वतःची मनगटं उघडी होती. भाज्याच्या बायका त्या मनगटांकडं बघून घुटमळल्या. शेवटी धोंडाबाई नावाची एक धीट बाई पुढं झाली, ओट्यावर ऐसपैस बसली आणि हात पुढं करून म्हणाली, "भर गं. काच कुनाच्या हातनं चढली ते मनगटाला थोडंच कळतंय?"

त्या दिवसापासून भाजे, पाटण, वर लोहगडवाडी, सगळीकडं बांगड्या भरायच्या त्या मदिनामावशीकडनंच, असं होऊन गेलं. हात असा होता तिचा! समोरचीचा पंजा ती आपल्या मांडीवर घ्यायची, दोनदा चेपायची, अंगठ्याचं हाड हळूच आत दुमडायची आणि बोलता बोलता बांगडी मनगटावर उतरलेली असायची. हात धरला की तिला बाईचं सगळं कळायचं. कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या अंगात कणकण आहे, कुणाला घरात मार बसतो. ती बोलून दाखवायची नाही. मार खाणाऱ्या बाईच्या हातात मात्र दोन बांगड्या वाढीव घालून यायची.

रशिदा त्या घरात सून म्हणून आली ती पंधराव्या वर्षी, नवलाख उंबरे गावाहून. बिनआईची पोर. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मदिनानं तिला समोर बसवून आंबेमोहोराचा भात आणि मटणाचा रस्सा वाढला. रशिदानं दोन घासांतच ताट सारलं, तेव्हा सासू हसली. "असं लाजून कसं चालंल? ह्या घरात भाताला बास म्हनायचं न्हाई," म्हणाली आणि स्वतःच्या हातानं तिला भरवायला बसली. आई गेल्यापासून रशिदाला कुणी भरवलं नव्हतं. तिला भात गिळवेना इतकं रडू आलं.

इनायत तेव्हा रेल्वेत लागला होता, घाटातल्या गँगमध्ये. रूळ तपासायचे, दरडी उपसायच्या, मुक्काम तिकडंच चाळीत. पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. म्हणजे घर ते दोघी बायकांचंच.

दोन-तीन वर्षं सुखात गेली. मग तहान लागली.

सुरुवात तिथूनच झाली. मार्गशीर्षातली थंडी, उन्हाचा पत्ता नाही, आणि मदिनामावशी लोहगडवाडीत मुक्ताबाईच्या ओट्यावर बसून तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती. मुक्ताबाई तिची जिवाभावाची. हसून म्हणाली, "मावशे, अशानं गडावरची टाकी आटतील की!" सगळ्या हसल्या. मदिनाही हसली आणि चौथा तांब्या तोंडाला लावला.

पाणी वाढलं तसं परसात जाणं वाढलं. भूकही वाढली. पण खाल्लेलं अन्न जातं कुठं ते कळेना. चोळ्या सैल पडायला लागल्या, गालफडं बसली. एकदा सकाळी मोरी धुवायला गेलेल्या रशिदाला दगडाच्या कडेनं मुंग्यांची दाट रांग दिसली. तिला वाटलं, गुळाचं पाणी सांडलं असेल. तिनं पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी मुंग्या परत तिथंच.

पुढं मदिनाच्या पाठीवर गळू आलं. लिंबाचा पाला झाला, कांद्याचं पोटीस झालं, महिना उलटला तरी ते भरून येईना. तेव्हा रशिदानंच हट्ट धरला आणि सासूला गाडीत बसवून लोणावळ्याला नेलं. बाजारपेठेत एक म्हातारे डॉक्टर होते, त्यांच्याकडं.

डॉक्टरांनी गळू पाहिलं, धुतलं. मग विचारलं, "तहान फार लागते का?" मदिनानं चमकून पाहिलं. त्यांनी तिची लघवी मागवली, काचेच्या नळीत निळं औषध घेऊन त्यात थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. रशिदा टक लावून बघत होती. निळं होतं ते हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं आणि उकळता उकळता पार विटेच्या रंगाचं.

"साखर आहे," डॉक्टर म्हणाले. "मधुमेह म्हणतात याला. अन्नातली साखर हिच्या अंगाला लागत नाही, रक्तात फिरते आणि लघवीवाटे जाते."

"औषिद द्या की मग," रशिदा म्हणाली.

"औषध निघालंय. रोज टोचायची सुई असते. मुंबईहून येते, बर्फात ठेवावी लागते. बंगल्यावर हवा खायला येणारे एक-दोन शेठ घेतात. तुम्हाला मळवलीत ते जमायचं नाही, मुली, मी खोटी आशा दाखवत नाही. तुझ्या हातात एकच गोष्ट आहे, हिचं ताट." मग त्यांनी सावकाश, एकेक करून सांगितलं. भात बंद. गूळ-साखर बंद. पोळी, केळं, बटाटा बंद. पालेभाजी, ताक, अंडं, मिळेल तेव्हा मटण, आणि दोन वेळा मिळून नाचणीची एक लहान भाकरी. "हा रोग घाईनं मारत नाही. आत बसतो. डोळे, पाय, मूत्रपिंड, एकेक करून खातो. पथ्य पाळलंत तर त्याचा पाय जड होईल. आणि त्याला पुढं दामटायला कोण बसलेलं असतं माहीत आहे? मायेची माणसं. ती 'एवढ्यानं काय होतंय' म्हणून वाढतात."

गाडीत मदिना खिडकीबाहेरची खाचरं बघत होती. मळवली आली तेव्हा म्हणाली, "भात बंद म्हनजे, येकदम?"

"येकदम, अम्मा."

पहिले सहा महिने तिनं पथ्य पाळलं, खरंच पाळलं. रशिदा पावसाळ्यात माळावरनं टाकळा, भारंगी, कुर्डू खुडून आणायची, उकडून पाणी काढून टाकायची, तेलाच्या दोन थेंबांवर परतायची. गळू भरून आलं. तहान उतरली. डॉक्टरांच्या नळीतला रंग विटेवरनं हिरव्यावर आला, तेव्हा सासवासुना दोघी लहान पोरींसारख्या हसल्या.

पण बरं वाटायला लागलं तसं पथ्य जड झालं. मावळातली बाई ती. भाकरी खाल्ली तर खाल्लं म्हणायचं, आणि भात खाल्ला तर जेवलं. दारापुढं खाचरं, वाऱ्याबरोबर लोंब्यांचा वास घरात येतोय आणि ताटात पाला. एक दिवस तिनं विचारलं, "आज वाईच भात वाढतीस?" रशिदा नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी तेच. आठवड्यानं मदिनानं विचारणं सोडलं आणि त्याच आठवड्यात लोहगडवाडीत मुक्ताबाईच्या ओट्यावर बसून म्हणाली, "सून उपाशी ठेवतीया गं मला."

बोलली ती थट्टेत. पण थट्टा गावात राहते थोडीच! ओट्यावरून ओट्यावर जाता जाता तिची तक्रार झाली, तक्रारीची हकिकत झाली. ज्या बाईनं चार गावच्या लेकीसुनांचे हात भरले, तिच्या पोटाला घरात अन्न नाही! बायकांचा जीव कळवळला. धोंडाबाई गुळाची पोळी फडक्यात बांधून द्यायची. मुक्ताबाई तर मावशी यायच्या दिवशी तांदळाची खीर करूनच ठेवायची. मदिना खायची आणि डोळे पुसायची. डोळे खरेच भरून यायचे तिचे.

रशिदाला मुंग्यांनी सांगितलं. मोरीच्या कडेला त्या परत आल्या होत्या.

ती खिंड चढून लोहगडवाडीत मुक्ताबाईकडं गेली. हात जोडले. "मावशी, तिला गोड देऊ नगा. त्यो रोग वंगाळ हाय. डॉक्टर म्हनला, आतनं खातो."

मुक्ताबाई सूप पाखडत होती, ती थांबलीसुद्धा नाही. "अगं, येवढी चढन चढून येती ती, म्हनून घासभर देते. तुज्या घरचं तर न्हाई ना मागत? इतक्या वर्साची माजी मैत्रीन, तिला दारातनं उपाशी लावू? आमच्यात न्हाई बाई असली रीत."

इनायतच्या कानावरही ते गेलंच. एका रजेला तो घरी आला, जेवायला बसला आणि आईच्या ताटाकडं बघत राहिला.

"अम्माला भात का न्हाई वाढला?"

"डॉक्टरनी सांगितलंय."

"माजी आई भातावर वाढलीया, डॉक्टरच्या नळीवर न्हाई. वाढ."

रशिदा उठली नाही. तेव्हा इनायतनं स्वतः टोप ओढला आणि आईच्या ताटात भाताचा ढीग घातला. मदिनानं सुनेकडं पाहिलं नाही. मान खाली घालून ती जेवली, वाटीनं पाणी प्यावं तसा वरण ओतून भात प्याली. निघताना इनायत उंबऱ्यात थांबून म्हणाला, "गँगमधली मानसं तोंडावर इचारत्यात मला, तुजी बायको सासूला मारायला टेकलीया व्हय? मी काय सांगू?"

"सांगा, व्हय म्हनून," रशिदा म्हणाली.

तिची मुलगी मेहमुदा चार वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. रशिदा इंद्रायणीवरून धुणं घेऊन परत आली. दारातनं दिसलं ते असं, की मेहमुदा चुलीपुढं उभी आहे, तिच्या मुठीत भात आहे आणि मदिना गुडघ्यांवर वाकून त्या इवल्याशा मुठीतून शितं ओठांनी टिपतेय. ज्या बाईला रस्त्यानं जाताना पाटीलसुद्धा राम राम करायचा, ती बाई.

"दादीला भूक लागलीया," मेहमुदा म्हणाली.

मदिनानं पदरानं तोंड पुसलं. "मार आता मला," ती सुनेला म्हणाली.

रशिदानं ओलं धुणं खाली ठेवलं, पोरीचा हात धुतला आणि परसात जाऊन बसली. तिथं किती वेळ बसली तिला कळलं नाही. पण त्या दिवसापासून तिनं स्वतः भात सोडला. कुणाला सांगितलं नाही. पोरीपुरता मूठभर शिजवायची, तोही सासू फेरीवर गेली की. आपण नाचणीची भाकरी आणि पाला घेऊन सासूसमोर जेवायला बसायची.

रोग मात्र आपल्या चालीनं चाललाच होता. आधी पायांची आग व्हायला लागली. तळवे विस्तवावर धरल्यासारखे पोळायचे, मदिना ते गार पाण्यात घालून बसायची. वर्ष-दीड वर्षानं एकदा ती आनंदानं म्हणाली, "आग थांबली बघ. पाय कसे कापसावानी हलके झाल्यात." रशिदालाही बरं वाटलं. पौषात मदिना शेकोटीशी बसली होती. करपल्याचा वास आला म्हणून रशिदा धावली, तर सासूचा पाय निखाऱ्याला टेकला होता आणि ती निवांत सुपारी कातरत होती. पाय ओढून घेतला तेव्हा कुठं तिनं खाली पाहिलं. कातडी सोलवटून निघाली होती. तिला काही कळलंच नव्हतं.

"दुखत न्हाई?" रशिदानं विचारलं.

"न्हाई की," मदिना म्हणाली आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

पायामागून हात. ते तर तिचं सगळं होतं. बोटांची टोकं बधिर झाली. नजरेपुढं जाळी आली. लाल बांगडी कुठली आणि डाळिंबी कुठली ते तिला उन्हात धरून बघावं लागे. तरी ती फेरी सोडेना. धोंडाबाईच्या लेकीचं, शालूचं लग्न ठरलं, तेव्हा नवरीचा हिरवा चुडा भरायला मदिनामावशीच हवी असा धोंडाबाईनं निरोप धाडला. टोपली उचलायला रशिदा बरोबर गेली.

मांडवात बायका जमलेल्या. मदिनानं शालूचा हात मांडीवर घेतला, चेपला, पुन्हा चेपला. रशिदाला तिच्या पाठीवरून कळत होतं की तिच्या बोटांना हाड सापडत नाहीये. तिनं अंदाजानं बांगडी रेटली. काच फुटली. दुसरी घेतली, तीही फुटली आणि तुकडा शालूच्या मनगटात घुसला. हिरव्या काचेवर रक्त उतरलं. नवरीच्या चुड्याला रक्त! कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

मदिनाला रक्त दिसलं नव्हतं. ती तिसरी बांगडी घेऊन रेटायला निघाली होती. रशिदानं मागून तिचा हात धरला. "अम्मा, ऱ्हाऊ द्या. मी भरते."

"का?"

"ऱ्हाऊ द्या."

रशिदानं पोरीचं मनगट धुतलं, फडकं दाबून धरलं आणि मग सासूनं वर्षानुवर्षं केलेलं जसं पाहिलं होतं तसं, हाड आत दुमडून, एकेक करून चुडा भरला. मदिना बाजूला आपले दोन्ही पंजे पदराखाली धरून बसली होती. परतीच्या वाटेवर ती एवढंच म्हणाली, "माज्या हातात हात व्हता का न्हाई, त्ये बी मला समजलं न्हाई गं."

टोपली त्यानंतर रशिदाकडं आली. पहिलं वर्ष जड गेलं. बायका ओट्यावर यायच्या, सासूची चौकशी करायच्या, तोंडावर विचारायच्या, "आज तरी जेवायला घातलंस का?" आणि हात न देताच उठून जायच्या. रशिदा पुढच्या दारी जायची. रित्या हातानं घरी आली की मदिना विचारायची, "कितींच्या भरल्या?" ती म्हणायची, "लयजणींच्या."

मदिनाच्या पायाचं बोट काळं पडलं ते दुसऱ्या मोठ्या लढाईच्या पहिल्या वर्षी. घरातच कुठंतरी काचेचा तुकडा रुतला असावा. रशिदानं वास आल्यावर पाहिलं तोवर करंगळी कोळशासारखी झाली होती. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन पुण्याला धाडलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात पाय गुडघ्याखाली कापला. पण तिथं रोज सुई होती. महिनाभर सकाळ-संध्याकाळ टोचली आणि रशिदानं डोळ्यांनी पाहिलं: सासूच्या गालांवर मांस आलं, जखम गुलाबी होऊन मिटली, अंगावर तुकतुकी आली. जणू दहा वर्षांमागची मदिना. म्हणजे तो रोग हटत होता. मळवलीपासून गाडीनं दोन तासांवर तो हटत होता. रशिदानं तिथल्या नर्सबाईला विचारलं, ही सुई घरी न्यायची कशी? नर्सबाईनं तिच्या लुगड्याकडं पाहिलं, आवाज मऊ केला आणि म्हणाली, "बाई, देवावर हवाला ठेवा."

घरी आल्यावर दोन महिन्यांत ती तुकतुकी गेली. इनायत आता बदलला होता. कापलेला पाय पाहून तो रशिदाला म्हणाला होता, "तू सांगत व्हतीस." रजेवर आला की आईला उचलून अंगणात बसवायचा, तिचं अंग पुसायचा. रशिदाला त्याच्यावर राग धरायला सवड नव्हती.

मग सूज आली. आधी डोळ्यांखाली, मग पायावर, हातांवर. बोट दाबलं की खळगा तसाच राही. डोळ्यांना आता फक्त उजेड-अंधार कळत होता. लोणावळ्याचे डॉक्टर बरेच थकले होते, तरी ते टांगा करून मळवलीला आले. त्यांनी मदिनाला तपासलं, तिच्याशी दोन शब्द गमतीचे बोलले आणि रशिदाला अंगणात घेऊन गेले.

"मूत्रपिंडं गेली," ते म्हणाले. "आठवडा, फार तर पंधरा दिवस. आता तिला काय हवं ते खाऊ घाल."

"काय बी?"

"काय बी. दहा वर्षं तू तिला जगवलंस, मुली. मी एवढ्या रोग्यांना पथ्य सांगितलं, एकाच्याही घरात इतकं पाळलेलं पाहिलं नाही."

रशिदा टांगा दिसेनासा होईपर्यंत उभी राहिली. मग शेजारणीकडून जुने आंबेमोहोर तांदूळ आणले, निवडले, धुतले आणि चुलीवर चढवले. दुपारची वेळ होती. भात शिजत आला तसा त्याचा वास घरभर पसरला. पलीकडं खाटेवर मदिना पडली होती, तिनं मान वळवली.

रशिदानं ताट घेतलं. वाफाळता मऊ भात, त्यावर तूप. खाटेशी बसून घास केला आणि सासूच्या ओठांशी नेला. "अम्मा, तोंड उघडा."

मदिनानं ओठ मिटून धरले. मग विचारलं, "डॉक्टरनं सांगितलं?"

रशिदानं घास तसाच धरून ठेवला.

"किती दिस?"

"असं का म्हनता?"

"अगं, धा वर्सं तू न्हाई म्हनत व्हतीस. तवर मी जगनार हाय हे मला ठाव व्हतं. लय शिव्या दिल्या तुला, पर आतनं ठाव व्हतं." ती श्वासासाठी थांबली. "आज तू भात वाढलास. मग सरलं की."

घास रशिदाच्या हातातच निवला. मदिनानं चाचपत तिचं मनगट धरलं. बोटांना काही कळत नव्हतं, तरी तिनं ते सवयीनं दोनदा चेपलं. "तू बी घे वाढून," ती म्हणाली. "डोळं गेलं तरी कान हायती मला. तुज्या ताटात भाताची पळी वाजल्याली किती वर्सांत ऐकली न्हाई मी. येकीनं रोगापायी सोडला, दुसरीनं कशापायी?"

त्या दुपारी दोघी एकाच ताटात जेवल्या. मदिनानं तीन घास खाल्ले. तिसरा तिला गिळता आला नाही, तो रशिदानं तिच्या तोंडातून काढून घेतला. अकराव्या दिवशी सकाळच्या नमाजाच्या वेळी ती गेली.

मयताला चारी गावांहून माणसं आली. बायका कुंपणापाशी उभ्या राहून रडल्या. रशिदाच्या डोळ्यांतनं टिपूस आलं नाही, ते सगळ्यांनी पाहिलं आणि त्यावरही बोलल्या.

चाळिसावा दिवस झाल्यावर रशिदा टोपली घेऊन लोहगडवाडीला गेली. मुक्ताबाई आता म्हातारी झाली होती, काठी टेकत चालायची. तिनं रशिदाला ओट्यावर बसू दिलं नाही, हाताला धरून आत नेलं आणि दार लोटलं.

"रशिदे, येक इचारते. खरं सांगशील?"

"इचारा की, मावशी."

"तू आलीवतीस हितं. हात जोडलंस मला. मी सूप खाली ठिवलं न्हाई." "ती आली की मी खीर करायची. वाटायचं, घरात कुनी देत न्हाई, आपुन तरी द्यावं. तिचा पाय कापला आसं कळलं, तवापास्नं मला झोप न्हाई. माज्या हातनं मेली का गं ती?"

हा प्रश्न येणार हे रशिदाला ठाऊक होतं. दहा वर्षं, आणि टोपली आल्यावर रिकाम्या हातानं त्या वाटा उतरताना, तिनं याचं उत्तर मनात घोळवलं होतं. एक एक शब्द ठरलेला होता. व्हय, तुमच्या हातनं. तुमच्या आन धोंडाबाईच्या आन त्या मानसाच्या, ज्यानं टोप ओढला. तिनं मुक्ताबाईकडं पाहिलं. म्हातारीच्या हातातल्या बांगड्या फार जुन्या होत्या, रंग विटलेल्या. मदिनानंच भरलेल्या असणार. नंतर तिनं कुणाकडून भरून घेतल्या नव्हत्या.

"रोगच तसा व्हता, मावशी," रशिदा म्हणाली. "त्यो न्हेनारच व्हता."

"पर खिरीनं?"

"तुमच्याकडनं खाऊन आली की दोन दिस अम्मा हसत असायची. घरात गानं म्हनायची."

"आन तिसऱ्या दिशी?"

रशिदानं टोपलीवरचं फडकं सोडायला घेतलं, पण गाठ सुटेना. मग ती जी रडायला लागली ती थांबेना. मुक्ताबाईनं तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. "रड बाई," ती म्हणत राहिली, "रड. तुला तरी कुठं रडू दिलं आमी."

बाहेर ओट्यावर वाडीतल्या दोघी-तिघी येऊन बसल्या होत्या, बांगड्या भरायच्या म्हणून. त्या आतलं रडणं ऐकत बसून राहिल्या. काही वेळानं रशिदानं तोंड धुतलं, टोपली उचलली आणि त्यांच्यात जाऊन बसली. मेहमुदा घरी एकटी होती, दिवस कलायच्या आत रशिदाला खिंड उतरायची होती.